निर्वासितांच्या आरोग्यसेवेतील रेसिडेन्सी आणि फेलोशिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण) करत असलेल्या, मॅचची (रेसिडेन्सीच्या जागावाटपाची) तयारी करणाऱ्या आणि फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचे विशेष प्रशिक्षण) शोधणाऱ्या डॉक्टरांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे अमेरिकेतल्या व्यवस्थेपुरती आहेत. एकाच मुद्द्याला दोन प्रश्न भिडत असतील तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निर्वासित-आरोग्य ही स्वतंत्र स्पेशालिटी आहे का? तिची बोर्डाची परीक्षा असते का?

नाही. डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेच्या शाखांच्या यादीत या नावाची रेसिडेन्सी नाही, फेलोशिपही नाही. बोर्ड सर्टिफिकेशनचा प्रश्नच येत नाही. तुम्ही फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, पीडियाट्रिक्स, सायकियाट्री यांपैकी एका शाखेचे डॉक्टर होता आणि निर्वासितांचे काम त्या शाखेच्या आत, ट्रॅक (विशेष अभ्यासक्रम), इलेक्टिव्ह (काही आठवड्यांचे ऐच्छिक प्रशिक्षण) किंवा क्लिनिकच्या रूपाने शिकता. 'रेफ्युजी हेल्थ फेलोशिप' नावाच्या ज्या जागा दिसतात त्या संबंधित विद्यापीठाने स्वतः आखलेल्या असतात. त्यात काय शिकवायचे यावर बाहेरचे बंधन नसल्याने दोन ठिकाणच्या फेलोशिपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

कागदावर दाखवता येईल असे काही हवेच असेल तर अमेरिकन सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीनची सर्टिफिकेट परीक्षा आहे, किंवा लंडन-लिव्हरपूलचा सुमारे तीन महिन्यांचा डीटीएम अँड एच हा डिप्लोमा आहे. दोन्ही चांगले, पण ते उष्णकटिबंधीय रोगांचे शिक्षण आहे, आणि निर्वासितांच्या ओपीडीत तेवढ्याने भागत नाही. का, ते प्रश्न ५ मध्ये.

२. रेफ्युजी, असायली, असायलम मागणारा, एसआयव्ही, पॅरोली. वकिलांच्या या भानगडीशी डॉक्टरला काय करायचे?

फाइलमध्ये काय सापडेल हे त्यावर ठरते. रेफ्युजी हा दर्जा अमेरिकेबाहेर असतानाच मिळतो. अशा माणसाची निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झालेली असते आणि तिची कागदपत्रे त्याच्याबरोबर येतात. इराक-अफगाणिस्तानातून स्पेशल इमिग्रंट व्हिसावर म्हणजे एसआयव्हीवर आलेल्यांचीही तपासणी झालेली असते.

असायलम (आश्रय) मागणारा मात्र आधी अमेरिकेत किंवा सीमेवर पोहोचतो आणि मग अर्ज करतो. त्याची परदेशातली तपासणी नाही, छातीचा एक्स-रे नाही, जंतांचे औषध नाही. बहुतेक वेळा विमाही नाही. अर्ज मंजूर झाला की तो असायली होतो आणि काही सवलती तिथून सुरू होतात. पॅरोलवर (तात्पुरत्या प्रवेश-परवानगीवर) आलेल्यांचे नियम गटागणिक वेगळे होते. २०२१ चे अफगाण आणि २०२२ चे युक्रेनियन यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

नवा रेसिडेंट हमखास जी चूक करतो ती अशी: 'रेफ्युजी' शब्द ऐकला की तपासणी झालेलीच असणार असे धरून चालतो. आधी विचारा: अमेरिकेत येण्यापूर्वी डॉक्टरांनी तपासले होते का, एक्स-रे काढला होता का, विमानात चढण्याआधी गोळ्या दिल्या होत्या का. दर्जा विचारण्याची गरज त्याने बरीचशी टळते. तो चार्टमध्ये लिहायचा की नाही, हे प्रश्न १८ मध्ये.

३. मग कोणती रेसिडेन्सी घ्यावी?

संपूर्ण कुटुंब पाहायचे असेल तर फॅमिली मेडिसिन (३ वर्षे). आजी, गरोदर सून आणि तापलेले बाळ एकाच खोलीत येतात, आणि एकाच दुभाष्यावर तिघांचे काम होते. मोठ्यांचे गुंतागुंतीचे आजार, पुढे संसर्गजन्य रोगांची फेलोशिप हे डोक्यात असेल तर इंटर्नल मेडिसिन (३ वर्षे). लहान मुलांसाठी पीडियाट्रिक्स (३ वर्षे), दोन्ही हवे तर मेड-पेड्स (४ वर्षे). छळ आणि युद्ध सोसलेल्यांच्या मानसिक उपचारांकडे ओढ असेल तर सायकियाट्री (४ वर्षे).

आवडती शाखा सोडून 'निर्वासितांसाठी' दुसरी घेऊ नका. तीन वर्षांतले बहुतांश तास त्या शाखेच्या वॉर्डातच जातात.

४. प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर 'ग्लोबल हेल्थ ट्रॅक' लिहिलेले असते. खरे काय आहे ते इंटरव्ह्यूत कसे ओळखायचे?

एकाच प्रश्नाने बरेच कळते: 'निर्वासित पेशंट रेसिडेंटच्या स्वतःच्या कंटिन्युइटी क्लिनिकमध्ये (तेच पेशंट सलग पाहण्याच्या ओपीडीत) असतात की फक्त इलेक्टिव्हमध्ये?' इलेक्टिव्ह दोन ते चार आठवड्यांचे असते. तेवढ्यात नव्याने आलेल्यांची पहिली तपासणी शिकता येते. पण त्याच बाईचे मधुमेहाचे औषध दोन वर्षांनंतरही का चालू नाही, हे कळत नाही. ते कंटिन्युइटी क्लिनिकमध्येच कळते.

बाकी विचारायचे ते असे. दुभाषी समोर बसतो, फोनवर असतो की व्हिडिओवर? दुभाष्याच्या भेटीला दुप्पट वेळेचा स्लॉट मिळतो का, की १५ मिनिटांतच उरकायचे? तपासणीचे कंत्राट क्लिनिककडे आहे की जिल्हा आरोग्य विभागाकडे? विभागाकडे असेल तर रेसिडेंटच्या हाती फक्त निकाल येतात. असायलमसाठीच्या वैद्यकीय मूल्यमापनात रेसिडेंटला भाग घेता येतो का (प्रश्न १२)? क्लिनिकमध्ये सोशल वर्कर किंवा केस मॅनेजर आहे का? तो नसेल तर विमा, वाहन, फार्मसी ही कामे रेसिडेंटच्याच गळ्यात पडतात. आणि गेल्या वर्षी ट्रॅकमधून किती जण बाहेर पडले, ते आता कुठे काम करतात?

जुनी केंद्रे कोणती, हेही अनेक जण विचारतात. हार्वर्ड प्रोग्रॅम इन रेफ्युजी ट्रॉमा १९८१ पासून, मिनेसोटातले सेंटर फॉर व्हिक्टिम्स ऑफ टॉर्चर १९८५ पासून, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातला छळग्रस्तांसाठीचा कार्यक्रम १९९५ पासून आणि बोस्टन सेंटर फॉर रेफ्युजी हेल्थ अँड ह्यूमन राइट्स १९९८ पासून आहे. सिॲटलच्या हार्बरव्ह्यूशी जोडलेले एथ्नोमेड हे संकेतस्थळ १९९४ पासून समाजागणिक माहिती देत आले आहे. कुठेही शिकत असलात तरी ते वापरा. मात्र केंद्र नावाजलेले आहे म्हणून तिथे तुमच्या शाखेच्या रेसिडेंटला जागा असेलच असे नाही.

५. रेसिडेन्सीत नेमके काय शिकायला मिळते? दुर्मीळ उष्णकटिबंधीय रोग दिसतात का?

दिसतात, पण क्वचित. जास्त दिसतात ते रक्तदाब, मधुमेह, दातांचे दुखणे, पाठदुखी, रक्तक्षय, क्षयाचा सुप्त संसर्ग, हिपॅटायटिस बी, झोप न येणे. प्रशिक्षण आहे ते हेच नेहमीचे आजार वेगळ्या परिस्थितीत हाताळण्याचे: भाषा परकी, कागद अर्धवट, फार्मसीचे लेबल वाचता येत नाही, रिफिल ही कल्पनाच नवी. महिन्याच्या गोळ्या संपल्या की 'कोर्स पूर्ण झाला' असे समजून रक्तदाबाचे औषध थांबवणारे पेशंट भरपूर असतात. त्यांना 'नॉन-कम्प्लायंट' लिहून मोकळे होणारा रेसिडेंट अजून काही शिकलेला नाही.

गटागणिक विशेष गोष्टीही असतात आणि त्या माहीत हव्यात. भूतानी निर्वासितांमध्ये बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०११ मध्ये ते प्रसिद्ध केले. पायांत मुंग्या येणाऱ्या भूतानी गृहस्थाला केवळ मधुमेहाच्या न्यूरोपॅथीचा (मज्जातंतूंच्या विकाराचा) शिक्का मारण्याआधी बी-१२ पाहायचे ते यासाठी. अफगाण कुटुंबांत शिशाचे स्रोत म्हणून सुरमा आणि ॲल्युमिनियमची स्वयंपाकाची भांडी विचारात घ्यावी लागतात.

६. पेशंटबरोबर आलेल्या परदेशी तपासणीच्या पाकिटात काय असते? त्यावर किती विसंबायचे?

ही तपासणी आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना किंवा अमेरिकी दूतावासाने नेमलेले पॅनल फिजिशियन सीडीसीच्या सूचनांनुसार करतात. फॉर्मची नावे डीएस-२०५४ (मुख्य अहवाल), डीएस-३०२५ (लसी), डीएस-३०२६ (इतिहास आणि शारीरिक तपासणी) आणि डीएस-३०३० (क्षय). माहिती इलेक्ट्रॉनिक डिसीज नोटिफिकेशन प्रणालीतून राज्याच्या आरोग्य विभागाकडेही जाते. पाकीट हरवले तर तिथे विचारा, तपासण्या पहिल्यापासून करत बसू नका.

या तपासणीचा उद्देश प्रवासाला अडथळा ठरणारे आजार पकडणे हा आहे. ती पूर्ण आरोग्य तपासणी नव्हे. क्षयाचे वर्ग नीट वाचा. ए म्हणजे संसर्गजन्य क्षय. उपचाराशिवाय प्रवास नाही. बी-० म्हणजे पॅनल फिजिशियनकडे उपचार पूर्ण झालेला. बी-१ म्हणजे एक्स-रे किंवा इतर लक्षणे संशयास्पद, पण थुंकी निगेटिव्ह. बी-२ म्हणजे सुप्त संसर्ग, बी-३ म्हणजे क्षयरुग्णाचा संपर्क. बी-१ वाल्याला पूर्ण निरोगी समजून सहा महिन्यांनी बोलावणे ही गंभीर चूक आहे. नवा एक्स-रे आणि तपासणी लगेच लागते.

दुसरी पोकळी एचआयव्हीची. ४ जानेवारी २०१० पासून प्रवेशबंदीच्या यादीतून एचआयव्ही वगळला गेला, त्यामुळे परदेशात ही चाचणी सक्तीची राहिली नाही. 'तिकडे झालीच असेल' हे गृहीत धरू नका.

७. आगमनानंतरची पहिली तपासणी कोणत्या क्रमाने करावी? कुठे चुकते?

अमेरिकेत आल्यावर साधारण ३० ते ९० दिवसांच्या आत ही तपासणी व्हावी अशी अपेक्षा आहे. एका भेटीत सगळे कोंबू नका. पहिल्या भेटीत कागद, तातडीच्या तक्रारी, रक्त आणि लसी. दुसऱ्या भेटीत निकाल, मानसिक आरोग्य आणि पुढची जोडणी. दुसरी भेट कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी नोंदवा, नाहीतर ती होत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि चुका बहुतेक क्रमातच होतात. हिपॅटायटिस बीच्या चाचणीचे रक्त लस देण्याआधी घ्या. लस दिल्यानंतर सुमारे १८ दिवसांपर्यंत सरफेस अँटिजेन (संसर्ग दाखवणारी चाचणी) खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि मग एका निरोगी माणसाला आपण विनाकारण आयुष्यभराच्या आजाराचे लेबल लावतो. क्षयाची चाचणी (रक्ताची किंवा त्वचेची) आणि गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी एकाच दिवशी चालतात. तो दिवस चुकला तर किमान २८ दिवस थांबा, कारण लस चाचणीचा प्रतिसाद दाबू शकते. बीसीजी घेतलेल्यांत रक्ताची आयजीआरए चाचणी त्वचेच्या चाचणीपेक्षा बरी. एक्स-रे आणि अल्बेन्डाझोल या जंतांच्या औषधाच्या आधी गर्भधारणेची चाचणी.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मागवताना डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी) आणि इओसिनोफिलचा (जंतांच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) निरपेक्ष आकडा मागवा. परदेशात जंतांचे औषध मिळाले असले तरी इओसिनोफिल काही महिने वाढलेले राहू शकतात. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहा, आणि तेव्हाही वाढलेले असतील तर शोध सुरू करा.

शिसे: १६ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची चाचणी, शिवाय गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांची. बोटाच्या टोकाच्या रक्तात वाढ दिसली तर शिरेच्या रक्ताने खात्री करा. संदर्भमूल्य डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची चाचणी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करा, पहिली अगदी स्वच्छ आली तरी. कारण अमेरिकेत घरांच्या शिसेयुक्त रंगावर बंदी १९७८ मध्ये आली, आणि नव्याने आलेल्यांना परवडणारी घरे बरेचदा त्याआधीची असतात. मूल इथे आल्यावर विषबाधा होते, हे पुष्कळ डॉक्टरांच्या लक्षात येत नाही.

८. आयव्हरमेक्टिन हे जंतांचे औषध सगळ्यांना देऊन टाकले तर काय बिघडते?

काही देशांतल्या लोकांच्या जिवावर बेतू शकते. निघण्यापूर्वी चाचणीविना दिल्या जाणाऱ्या अनुमानित उपचारात अल्बेन्डाझोल ४०० मिग्रॅ एकदा (एक ते दोन वर्षांच्या बाळांना २०० मिग्रॅ), आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम दिवसातून एकदा असे दोन दिवस, आणि सहारा-दक्षिण आफ्रिकेतल्यांना प्राझिक्वांटेल किलोमागे ४० मिग्रॅ विभागून, असा साचा असतो. १५ किलोखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत.

कॅमेरून, काँगो, गॅबन, नायजेरिया, दक्षिण सुदान अशा मध्य-पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत लोआ लोआ हा कृमी आढळतो. रक्तात त्याच्या अळ्या खूप असतील तर आयव्हरमेक्टिनने मेंदूज्वरासारखी अवस्था येऊ शकते. म्हणून त्या देशांतल्यांना ते अनुमानाने देत नाहीत. आधी रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवरचा नमुना) पाहायचा, आणि तो सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतच घ्यायचा, कारण अळ्या दिवसाच रक्तात येतात. संध्याकाळच्या ओपीडीत घेतलेला निगेटिव्ह स्मिअर निरुपयोगी. पेशंट कोणत्या देशात जन्मला एवढ्यावर थांबू नका. मधल्या कोणत्या देशांत किती वर्षे काढली तेही विचारा.

याच्या उलट चूकही होते: आयव्हरमेक्टिन मिळालेच नाही आणि कुणाच्या लक्षात आले नाही. स्ट्राँगिलॉइड्स हा कृमी माणसाच्या शरीरात स्वतःच पुन्हा संसर्ग करत दशकानुदशके टिकतो. पंधरा वर्षांपूर्वी आलेल्या आजोबांना दम्यासाठी स्टेरॉइड सुरू केले की तो सर्वांगात पसरू शकतो. म्हणून स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा प्रत्यारोपणाआधी 'अमेरिकेत कधी आलात' ही तारीख गौण आहे. चाचणी करा किंवा उपचार द्या.

प्राझिक्वांटेल देण्याआधी झटक्यांचा इतिहास विचारा. मेंदूत सिस्टिसर्कस (टेपवर्मची अळी) असेल तर औषधाने झटका येऊ शकतो.

९. दुभाष्याबरोबर काम करण्याचे काही नियम आहेत का, की अंगवळणी पडते?

अंगवळणी पडते, पण चुकीचेही पडते. पेशंटकडे पाहून, पेशंटशीच बोला. 'त्यांना विचारा की' अशी सुरुवात करू नका. वाक्ये लहान, एका वेळी एकच प्रश्न. आकडे, डोस आणि तारीख पेशंटकडून परत वदवून घ्या. दुभाष्याचा ओळख क्रमांक नोंदीत लिहा. पेशंट दोन मिनिटे बोलला आणि दुभाष्याने 'नाही म्हणतो' एवढेच सांगितले, तर तिथेच थांबून शब्दशः मागा.

कुटुंबातल्या मुलांकडून भाषांतर करवू नका. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या शीर्षकाखाली सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांवर भाषा-साहाय्याची जबाबदारी आहे. पण कायद्यापलीकडचे साधे कारण असे: बारा वर्षांच्या मुलाला आईच्या गर्भपाताबद्दल विचारायला लावू नये.

भाषा नेमकी विचारा. 'म्यानमारचा पेशंट' म्हणून बर्मी दुभाषी बोलावला आणि समोर करेन किंवा रोहिंग्या बसलेला, असे वारंवार घडते. कुर्दीत सोरानी आणि कुरमांजी परस्परांना सहज कळतात असे नाही. अफगाण म्हटले की दारी की पश्तो? काँगोच्या कुटुंबाला स्वाहिली चालते, पण आजीला किन्यारवांडाच लागते, असेही होते. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: लहान समाजात दुभाषी ओळखीचा निघतो. एचआयव्ही, बलात्कार, मनोविकार अशा विषयांवर दूरच्या राज्यातला फोनवरचा दुभाषी घ्या आणि पेशंटचे नाव उच्चारू नका.

१०. मला हिंदी-उर्दू उत्तम येते. अफगाण किंवा रोहिंग्या पेशंटशी थेट बोलू का?

नमस्कार-चमत्कारासाठी खुशाल. औषधोपचारासाठी, संस्थेची भाषा-प्रावीण्य चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज नाही. पाकिस्तानात वर्षे काढलेल्या अनेक अफगाणांना उर्दू येते, पण ती बाजारातली. 'मन उदास वाटते का', 'संमती देता का' हे त्या भाषेत नीट पोहोचत नाही, आणि पेशंट भिडेपोटी हो म्हणत राहतो. त्याला कोणत्या भाषेत बोलायला आवडेल ते विचारा. उर्दू निवडली तरी संमतीपत्राच्या वेळी दुभाषी घ्या.

११. माझ्या यादीतल्या निम्म्या पेशंटचा जन्म १ जानेवारीचा आहे. संगणकाची चूक आहे का?

नाही. जन्मनोंद नसली की नोंदणीच्या वेळी १ जानेवारी घातली जाते. वर्षही अंदाजाचे असू शकते. परिणाम मात्र खरे असतात. वाढीच्या तक्त्यावर मूल खुजे दिसते, कारण ते कागदापेक्षा लहान आहे. लसींचे वेळापत्रक, शाळेची इयत्ता, ६५ व्या वर्षी मिळणारे मेडिकेअर, सगळे त्या तारखेला बांधलेले. वैद्यकीय अंदाज वेगळा वाटला तर नोंदीत तसे लिहा, पण चार्टवरची जन्मतारीख परस्पर बदलू नका. इमिग्रेशनच्या कागदांशी ती जुळेनाशी झाली तर पेशंट अडचणीत येतो. बदल वकिलामार्फत व्हायला हवा.

नावांचेही तसेच. बर्मी नावात आडनाव नसते, सोमाली नावात पुढे वडिलांचे आणि आजोबांचे नाव येते. एकाच माणसाचे दोन चार्ट तयार होतात, आणि ॲलर्जी नेमकी दुसऱ्या चार्टमध्ये असते.

१२. असायलमच्या दाव्यासाठी वैद्यकीय मूल्यमापन रेसिडेंट करू शकतो का?

देखरेखीखाली, हो. बहुतेक ठिकाणी आधी एका दिवसाचे प्रशिक्षण, मग दोन-तीन मूल्यमापनांत निरीक्षक, त्यानंतर अनुभवी डॉक्टरबरोबर सह-लेखन असा क्रम असतो. सही परवानाधारक डॉक्टरची. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्सचे जाळे आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतली असायलम क्लिनिक हे काम शिकवतात.

आधार इस्तंबूल प्रोटोकॉलचा (छळाच्या तपासणी आणि नोंदीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेचा); १९९९ चा मूळ दस्तऐवज २०२२ मध्ये सुधारला गेला. त्यात व्रण आणि कथन यांचा मेळ पाच पायऱ्यांत सांगतात: विसंगत, सुसंगत, अत्यंत सुसंगत, नमुनेदार आणि निदानात्मक. नवख्या लेखकाचा हात इथे सैल सुटतो. सिगारेटच्या गोल चट्ट्यांना सरसकट 'निदानात्मक' म्हटले की सरकारी वकील दुसरे एक कारण दाखवतो आणि अख्खे शपथपत्र डळमळते. 'अत्यंत सुसंगत' लिहून इतर शक्यता का कमी वाटतात ते सांगणे जास्त भक्कम. छळ झाला की नाही हा निकाल न्यायाधीशाचा. तुम्ही वैद्यकीय निष्कर्ष लिहिता. आणि व्रण नसणे म्हणजे छळ नसणे नव्हे, हे वाक्य अहवालात कारणांसह यावे.

मूल्यमापन करणारा आणि उपचार करणारा डॉक्टर शक्यतो वेगळे ठेवा. असायलमचा अर्ज शेवटच्या आगमनापासून एका वर्षात करायचा असतो. मुदत उलटलेली असेल तर गंभीर आजार, ज्यात मानसिक आजारही येतो, हा अपवाद ठरू शकतो. तेव्हा वकिलाला वेळेचा तपशील लागतो. तो विचारून घ्या.

एका रेसिडेंटने महिन्याला एकापेक्षा जास्त घेऊ नये असे आमचे मत. मुलाखत दोन-तीन तासांची, लेखन त्याच्या दुप्पट, आणि ऐकलेले डोक्यात घर करून राहते. प्रत्येक मूल्यमापनानंतर पर्यवेक्षकाबरोबर अर्धा तास बोलण्याची सोय नसेल तर त्या ठिकाणी हे काम शिकू नका.

१३. मानसिक आरोग्याची चाचणी पहिल्याच भेटीत करायची का?

आरएचएस-१५ ही निर्वासितांसाठी तयार केलेली, १४ वर्षे आणि त्यावरील पेशंटसाठीची छोटी प्रश्नावली. पहिल्या चौदा प्रश्नांची बेरीज १२ किंवा अधिक, अथवा मानसिक त्रासमापकावर ५ किंवा अधिक, तर मानसोपचारासाठी पुढे पाठवायचे. शक्य तोवर दुसऱ्या भेटीत करा. पहिले काही आठवडे माणूस पोहोचल्याच्या सुटकेत असतो आणि आकडे फसवे कमी येतात. पाठवायला जागाच नसेल तर आधी ती शोधा. छळाचे तपशील खोदून विचारणे चाचणीचा भाग नाही. 'तुमच्या देशात अनेकांना तुरुंगात टाकले, मारले. तुमच्या बाबतीत असे काही झाले का?' एवढे पुरे.

१४. एन-६४८ आणि आय-६९३ वर रेसिडेंट सही करू शकतो का?

एन-६४८ हा नागरिकत्वाच्या इंग्रजी आणि नागरिकशास्त्राच्या परीक्षेतून अपंगत्वामुळे सूट मागण्याचा फॉर्म. तो परवानाधारक एमडी, डीओ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच प्रमाणित करू शकतो. पूर्ण परवाना नसलेल्या रेसिडेंटने मसुदा करावा, सही अटेंडिंगची (जबाबदार वरिष्ठ डॉक्टरची). फॉर्म नाकारला जातो तो बहुतेकदा एका कारणाने: निदान लिहिलेले असते, पण त्या आजारामुळे हा माणूस *शिकू का शकत नाही* हा दुवा नसतो. निरक्षरता आणि म्हातारपण ही कारणे पुरेशी नाहीत. आधी वय आणि वास्तव्य पाहा: ५० वर्षे वय आणि २० वर्षे कायम वास्तव्य, किंवा ५५ आणि १५, अशांना इंग्रजीची सूट फॉर्मशिवायच मिळते.

आय-६९३ हा ग्रीन कार्डसाठीच्या वैद्यकीय तपासणीचा फॉर्म सिव्हिल सर्जनचा (इमिग्रेशन खात्याने नेमलेल्या डॉक्टरचा), आणि त्यासाठी प्रशिक्षण संपल्यावर किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. रेसिडेंटचा प्रश्नच नाही. वर्षभरानंतर ग्रीन कार्ड मागणाऱ्या रेफ्युजीला बहुतेकदा फक्त लसींचा भाग लागतो, आणि तो जिल्हा आरोग्य विभाग भरून देऊ शकतो. पेशंटला खासगी सिव्हिल सर्जनकडे पूर्ण तपासणीचे पैसे भरायला पाठवण्याआधी हे तपासा.

१५. फेलोशिप खरेच लागते का? व्हिसाचे काय?

पेशंट पाहण्यासाठी लागत नाही. क्लिनिक चालवायचे, संशोधन करायचे किंवा विद्यापीठात राहायचे तर उपयोग होतो. एक-दोन वर्षांच्या अनेक फेलोशिपमध्ये फेलो आठवड्याचे काही दिवस कनिष्ठ अटेंडिंग म्हणून पेशंट पाहतो आणि त्याचा पगार त्यातूनच निघतो. म्हणून विचारा: क्लिनिकचे तास किती, राखीव वेळ किती, आणि तो लिखित आहे का.

परदेशी पदवीधरांसाठी हीच व्यवस्था अडचणीची. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावरचा डॉक्टर मंजूर प्रशिक्षणाबाहेर अटेंडिंग म्हणून काम करू शकत नाही. मान्यता नसलेल्या फेलोशिपला जे-१ मिळण्यासाठी संस्थेकडे एसीजीएमईची 'नॉन-स्टँडर्ड ट्रेनिंग' ओळख लागते. ती आहे का, हे अर्जाआधी संस्थेच्या जीएमई (प्रशिक्षण) कार्यालयाला विचारा, फेलोशिपच्या संचालकांना अनेकदा माहीत नसते. मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाच्या पत्रात शाखेचे नाव जुळावे लागते. जे-१ ची एकूण मर्यादा साधारण सात वर्षे. कॉनराड-३० योजनेखाली, मायदेशी दोन वर्षे परतण्याच्या अटीतून सूट (राज्यामागे वर्षाला ३० जागा, तीन वर्षे सेवा) मिळाली की जे-१ पुढे वाढत नाही. म्हणून फेलोशिप आधी, सूट नंतर.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप ३ (परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) आधी उत्तीर्ण लागते. १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची अट आली. तुमच्या अर्जाला ती लागू होते का, हे संस्थेच्या वकिलाकडून लेखी घ्या.

१६. २०२५ नंतर निर्वासित येतच नाहीत म्हणतात. मग शिकायला पेशंट उरलेत का?

नवे आगमन खरोखर घटले. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये एक लाखाहून थोडे अधिक रेफ्युजी आले होते. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने प्रवेश स्थगित झाला, आणि २०२६ साठी मर्यादा ७,५०० ठेवली गेली. पहिल्या तपासणीच्या कंत्राटावर जगणारी क्लिनिक अडचणीत आली. पण आधी आलेले लोक कुठे गेलेले नाहीत. त्यांचे मधुमेह, गरोदरपण आणि नागरिकत्वाचे फॉर्म चालूच आहेत, म्हणून प्रश्न ४ मधला कंटिन्युइटीचा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा. पहिल्या तपासणीचा सराव मात्र कमी मिळेल. इंटरव्ह्यूत गेल्या बारा महिन्यांचा आकडा मागा. वेबसाइटवरचा बहुधा जुना असतो.

१७. निर्वासित छावणीत इलेक्टिव्ह करावे का?

करायचे तर शिकण्यासाठी, वाचवायला नव्हे. छावणीतले वैद्यक हे मुख्यतः सार्वजनिक आरोग्य आहे: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, दिवसाला दहा हजारांमागे एक मृत्यू ही आणीबाणीची रेषा, लहान मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिमीखाली गेला की तीव्र कुपोषण, गोवराची लस सर्वांत आधी. एमआरआयच्या जगातून आलेल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा तिथे फारसा उपयोग होत नाही. चार आठवड्यांची भेट यजमानांवर भारच असते. संस्थेची मंजुरी, विमा आणि बोर्डाच्या रजेचे नियम यांना कित्येक महिने लागतात, आणि जे-१ वाल्यांनी परतीचा प्रवेश आधी तपासावा.

१८. पेशंटने इमिग्रेशनचा दर्जा सांगितला. चार्टमध्ये लिहू का?

उपचाराला लागत नसेल तर नाही. 'अमुक देशातून, अमुक साली आगमन, परदेशी तपासणी झालेली नाही' एवढ्यात वैद्यकीय माहिती पूर्ण होते. विमा किंवा सवलतीसाठी दर्जा लागतो, तेव्हा तो सोशल वर्करच्या कागदांत राहू द्या. नोंदी न्यायालयात मागवल्या जाऊ शकतात.

याहून जास्त घात होतो तो तारखांचा. घाईच्या भेटीत दुभाष्याने 'तीन वर्षांपूर्वी' म्हटले, रेसिडेंटने '२०२१ मध्ये अटक' असे लिहिले, आणि शपथपत्रात २०२० आले. ही विसंगती असायलमच्या सुनावणीत पेशंटच्या विश्वासार्हतेविरुद्ध वापरली जाते. इतर दिनदर्शिका वापरणाऱ्यांच्या बाबतीत घोटाळा अधिकच. अफगाण सौर वर्ष आणि इथिओपियन वर्ष इसवी सनाशी जुळत नाही. म्हणून छळाच्या घटनांची तारीख रोजच्या नोंदीत लिहू नका. 'पेशंटच्या सांगण्यानुसार, दुभाष्यामार्फत, तुरुंगवासात मारहाण. तपशील या भेटीत घेतले नाहीत' असे लिहा. तपशील प्रश्न १२ मधल्या मुलाखतीत, पुरेसा वेळ ठेवून घ्यायचे असतात.